काकांचं स्वच्छ विमान

आमचे काका आयुष्यात एकदाच विमानात बसले. मुंबईहून दिल्लीला जाताना. येताना रेल्वेनेच आले. पण त्या एका उड्डाणावर त्यांनी सोलापुरात पुढची कितीतरी वर्षं काढली. विमानात चढताना मिळालेल्या कार्डाचा उरलेला तुकडा त्यांनी बैठकीतल्या गणपतीच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवला होता. हवाई सुंदरीने तबकातून फिरवलेल्या गोळ्या इतरांनी एकेक उचलल्या, काकांनी मूठ भरून घेतली. कानात घालायला दिलेला कापूसही त्यांनी खिशात टाकून आणला. त्या कापसाच्या काकूंनी वाती वळल्या. गोळ्या एका काचेच्या बरणीत भरून बैठकीत ठेवल्या गेल्या. आल्यागेल्याला ती बरणी दाखवली जाई. गोळी कुणालाच दिली जात नसे.

"वरून आपलं सोलापूर कसं दिसतं हो?" असं कुणी विचारलं की काका डोळे अर्धवट मिटून म्हणत, "स्वच्छ."

मुंबई-दिल्लीच्या वाटेत सोलापूर येत नाही, हे मला शाळेतल्या नकाशावरून ठाऊक होतं. मी काही बोलत नसे.

मी एकूणच काही बोलत नसे. मला कॉन्व्हेंटात घातल्यामुळे असं झालं, असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. "इंग्रजी शाळेत घातली आन् पोरगी मुकी करून आणली," असं काका माझ्यासमोरच पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे माझ्याकडे एखाद्या नादुरुस्त घड्याळाकडे बघावं तसे बघत. मला मराठी येत नाही म्हणून मी गप्प असते, असा त्यांचा समज होता. खरं कारण साधं होतं. त्या बैठकीत बोलण्यासारखं काही नसे, ऐकण्यासारखं मात्र पुष्कळ असे.

काकांचा सूत रंगवायचा कारखाना होता, आणि आमचं घर त्या कारखान्याच्या पाठीमागे. बाबा काकांचे धाकटे भाऊ, आणि त्याच कारखान्यात हिशेबनीस. त्यामुळे आमच्या घरातला प्रत्येक निर्णय "दादा म्हणतील तसं" या वाक्याने संपत असे. कारखान्याचा नाला आमच्या मागच्या दारावरून वाहायचा. आज कोणत्या रंगाच्या चादरींचं सूत निघणार, हे आम्हाला नाल्याकडे बघून कळे. कधी लालभडक, कधी हिरवा, कधी दोन्ही रंग मिसळून जे काही होतं ते. बॉयलरच्या धुराड्यातून दिवसभर काजळी पडे. आई दोरीवरचे कपडे आधी हलकेच झटकायची, मगच काढायची. तशीच ओढली तर पांढऱ्या कपड्यावर काळे फराटे उठत.

अशा या काकांना एके वर्षी आकाश स्वच्छ करण्याचा ध्यास लागला.

काका गावातल्या एका व्याख्यान मंडळाचे अध्यक्ष होते. दर वर्षी गड्ड्याची जत्रा आटोपली की मंडळाची व्याख्यानं असत, आणि शेवटच्या दिवशी अध्यक्ष स्वतः बोलत. विषय नेहमी असा असे, की श्रोत्यांपैकी कुणालाच त्यातलं काही माहीत नसावं. आदल्या वर्षी ते मंगळावरच्या माणसांवर बोलले होते. त्या वर्षी तेलाचा विषय सगळ्यांच्या तोंडी होता. अरबांनी तेल महाग केलं होतं, आणि रेशनच्या दुकानापुढे रॉकेलचे रिकामे डबे बायकांच्या वतीने रांगेत बसून असत. काकांकडे अमेरिकेहून एक गुळगुळीत कागदाचं मासिक फुकट येई. त्याचा उपयोग आजवर पुस्तकांना कव्हरं घालायला होत होता. त्यातल्या एका पानावर पोट फुगलेल्या विमानाचं चित्र होतं. काकांनी ते चित्र पाहिलं, आणि अनेक वर्षांत प्रथमच मला स्वतःहून हाक मारली.

"पोरी, हे वाच बघू. थोडक्यात सांग."

मी वाचलं आणि थोडक्यात सांगितलं. विमानात रॉकेलसारखंच तेल जळतं. ते कधीतरी संपणार आहे, आणि त्याचा धूरही होतो. त्याऐवजी हायड्रोजन जाळता येईल का, असा विचार काही शास्त्रज्ञ करताहेत. हायड्रोजन जळाला की धूर होत नाही, पाण्याची वाफ होते.

"म्हणजे पाण्यावर विमान चालणार!"

"पाण्यावर नाही काका. वीज लावून पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो अतिशय थंड करून पातळ करायचा, टाकीत भरायचा, मग जाळायचा. जळल्यावर परत पाणी होतं."

"म्हणजे पाण्यावरच की."

मी पुन्हा समजावलं नाही. काकांना एखादी गोष्ट दुसऱ्यांदा समजावली की ती त्यांची स्वतःची होऊन बसे, आणि मग ती चुकीची आहे हे सांगायचीही सोय राहत नसे.

मला व्याख्यान मराठीत लिहून देण्याचं काम मिळालं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुढे एम.एस्सी.साठी पुण्याला जायचं होतं. हे मी आईला सांगितलं होतं, आईने बाबांना, बाबांनी काकांना. काकांचा निरोप उलट्या वाटेने परत आला: "व्याख्यान होऊ दे. रंगलं तर बघू." म्हणजे माझं पुणं आता त्या फुगलेल्या विमानात बसलं होतं. ते उडालं तर मी जाणार, नाहीतर उन्हाळ्यात स्थळं बघायला सुरुवात होणार. काकूंनी तशी दोन-तीन हेरूनही ठेवली होती.

मी मन लावून लिहिलं. खरं तर त्या लेखाने मला धरूनच ठेवलं. हायड्रोजन वजनाला इतका हलका, की तेवढीच उष्णता मिळवायला तो रॉकेलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा पुरतो. पण जागा मात्र चौपट खातो. पंखांतल्या टाक्यांत मावत नाही, म्हणून विमानाचं पोट वाढवावं लागतं. तो पातळ ठेवायचा तर शून्याखाली अडीचशे अंशांहून अधिक थंडी लागते, ज्या थंडीत हवासुद्धा गोठते. त्याची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाही. एवढ्याशा फटीतून तो निसटतो. आणि मुख्य प्रश्न, तो काढायला लागणारी वीज कशाची? ती कोळसा जाळून केली, तर आकाशातला धूर फक्त जमिनीवर येतो. हा शेवटचा मुद्दा लिहिताना मागच्या दारातून बॉयलरचा वास येत होता. मला तो मुद्दा फार आवडला.

काकांनी माझं लिखाण सुताच्या गठ्ठ्यांवर खुणा करायच्या लाल पेन्सिलीने तपासलं.

"ही थंडी काढ. सोलापूरच्या माणसाला थंडीचं काय कळतंय?"

"पण काका, तीच तर मोठी अडचण आहे."

"अडचणी काढूनच टाक सगळ्या. लोक काय अडचणी ऐकायला येतात? त्या घरी असतातच की प्रत्येकाच्या."

थंडी गेली, फट गेली, वीज गेली. लेखासोबत हायड्रोजन भरलेलं, अवाढव्य फुग्यासारखं एक जुनं हवाई जहाज जळत असल्याचा फोटो होता. त्याबद्दल मी एक परिच्छेद लिहिला होता. तो 'अपशकुनी' म्हणून गेला. मी एक वाक्य लिहिलं होतं: 'योग्य काळजी घेतल्यास हायड्रोजन रॉकेलइतकाच सुरक्षित ठरू शकतो.' काकांनी आधी त्यातली काळजी खोडली. मग 'ठरू शकतो' कमकुवत वाटतं म्हणून तिथे 'आहे' केलं. मग थोडा वेळ विचार करून 'इतकाच'च्या जागी 'पेक्षा' लिहिलं. शेवटी वाक्य उरलं ते असं: 'हायड्रोजन रॉकेलपेक्षा सुरक्षित आहे.'

"आता कसं ठाशीव झालं," काका म्हणाले. "तुझ्या इंग्रजी शाळेत ठाशीव लिहायला शिकवत नाहीत."

फुग्यांची कल्पनाही काकांचीच. गड्डा संपून गेला होता, पण एक फुगेवाला अजून मैदानावर टिकून होता. त्याच्या लोखंडी पिंपात तो कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचा चुरा टाकून गॅस तयार करायचा. काकांनी मला गाडीत घालून तिकडे नेलं.

"याच्यात तोच वायू असतोय ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"हौ जी, ग्यास असली है," प्रश्न आपल्यालाच आहे असं समजून फुगेवाला म्हणाला. "छोडे तो सीदा ऊपर."

"झालं तर मग! विषय कसा डोळ्यांसमोर तरंगायला पाहिजे."

व्याख्यानाच्या दिवशी संध्याकाळी मी सभागृहात गेले तेव्हा विषय तरंगत होता. व्यासपीठाच्या दोन्ही टोकांना आणि वक्त्याच्या टेबलाला फुग्यांचे घोस बांधले होते. टेबलाच्या घोसावर पुठ्ठ्याचं एक विमान लटकवलं होतं. आणि टेबलाला लागूनच, सरस्वतीच्या तसबिरीपुढे, काकूंच्या माहेरची कमरेइतकी उंच समई उभी होती.

आपल्याकडे कुठलाही समारंभ दिवा लावल्याशिवाय सुरू होत नाही. त्याला माझी हरकत नाही. पण जगातल्या सगळ्यात लवकर पेट घेणाऱ्या वायूवरचं व्याख्यान, त्याच वायूच्या पिशव्या बांधून, त्यांच्याशेजारी दिवा लावून सुरू करावं, हे फक्त आमच्याच मंडळाला सुचू शकलं असतं. आणि मंडळातल्या एकालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. त्यात एक बी.ए. होते, एक वकील होते, आणि एक निवृत्त मुख्याध्यापक होते.

मी काकांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "काका, समई आणि फुगे जवळ नकोत. तो वायू पेट घेतो."

काकांनी हळू आवाजात उत्तर दिलं असतं तर ते काका कसले? "ऐका! व्याख्यान हिनंच उतरवून काढलंय, आन् आता हीच भितीय. अगं, काय लिहिलंयस तू? रॉकेलपेक्षा सुरक्षित आहे ना?"

"मी तसं लिहिलं नव्हतं."

"मग काय मी लिहिलं?"

मंडळी हसली. वकील म्हणाले, "कॉन्व्हेंटच्या मुली, दादासाहेब. फुगा फुटला तरी 'मम्मी' म्हणतील." मुख्याध्यापकांनाही तो विनोद आवडला.

मग मी समईच हलवली. तेल भरलेली समई सांडू न देता ओढणं सोपं नव्हतं, पण मी ती व्यासपीठाच्या कडेला नेऊन ठेवली. काकू आल्या आणि बघतच राहिल्या.

"अगं, सरस्वतीकडे पाठ करून समई ठेवलीस? अक्कल कुठं ठेवलीस मग?"

"काकू, फुग्यांना आच लागेल."

"पोरांच्या फुग्यांसाठी देवापुढचा दिवा हलवायचा? शिकून शिकून हेच का?" त्यांनी दोन माणसांकरवी समई परत जागेवर आणवली. मग मी टोकांचे दोन्ही घोस सोडले आणि सभागृहाच्या मागच्या खिडक्यांना नेऊन बांधले. टेबलाचा घोस सोडायला वळले तोवर प्रमुख पाहुणे आले, हारतुरे सुरू झाले, आणि मला व्यासपीठावरून खाली उतरवण्यात आलं. काकांनी पाठ केलेलं विसरलं तर सांगण्यासाठी माझी खुर्ची पहिल्या रांगेत अगदी कडेला, टेबलाजवळ ठेवली होती.

प्रमुख पाहुणे कापडाचे मोठे व्यापारी होते. त्यांचा विमानांशी संबंध इतकाच, की त्यांचे मेहुणे दुबईला होते. त्यांनी मेणबत्तीने समईच्या पाचही वाती लावल्या. मी त्या वेळी सगळं सोडून वरच्या पंख्याकडे बघत होते. पंख्याचा वारा टेबलाच्या घोसाला समईपासून दूर, भिंतीकडे लोटत होता. फुगे तिकडे कलून थरथरत होते. पंखा चालू आहे तोवर ठीक आहे, असा मी हिशेब केला. सोलापुरात राहून पंख्यावर भरवसा ठेवला, ही त्या दिवसातली माझी एकमेव मूर्खपणाची गोष्ट.

काका रंगले. ते नेहमीच रंगत. आधी त्यांनी मुंबई-दिल्ली प्रवास सांगितला, गोळ्यांसकट. मग म्हणाले, "मित्रहो, आज विमान कशावर चालतं? आपल्या घरातल्या रॉकेलवर!"

सभागृहात खळबळ उडाली. ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. बायकांच्या बाजूने सतरंजीवर बसलेली एक पोक्त बाई थेट उभीच राहिली. ती मोहोळकडची असावी, मुलाकडे आलेली.

"अवो साहेब, इमानाला रॉकेल लागतंय व्हय? म्हंजी आमाला हितं मिळंना आन् तितं आभाळात जाळत्यात?"

"अगदी बरोबर, बाई!"

"मग ते पान्यावर चाललं, तर ह्ये रॉकेल रेशनला यील का?"

संध्याकाळभरात विचारलेला हा एकमेव कामाचा प्रश्न होता. काका म्हणाले, "येईल, येईल. सगळं येईल." आणि पुढे गेले.

"पाणी घाला, विमान उडवा! मागून धूर नाही, पाण्याची शुद्ध वाफ! मित्रहो, आपल्या नातवंडांचं आकाश स्वच्छ असलं पाहिजे. धुरानं काळवंडलेलं आकाश ठेवून जाण्याचा आपल्याला काय अधिकार?"

हे वाक्य मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना मला बॉयलर दिसत होता. काकांना ते म्हणताना बॉयलर दिसत नव्हता. टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या सगळ्यांच्या घरी त्या आठवड्यात एक दिवसाआड पाणी येत होतं, पण पाण्यावर विमान चालवायला कुणाची हरकत दिसली नाही.

आणि तेवढ्यात वीज गेली.

लोकांनी सवयीने 'अरे' केलं आणि सवयीनेच स्वस्थ बसले. काकांनी आवाज चढवून बोलणं चालू ठेवलं. सभागृहात उजेड आता फक्त समईचा होता. त्या उजेडात मला पंख्याची पाती सावकाश थांबताना दिसली, आणि भिंतीकडे कललेला घोस हळूहळू उभा होताना दिसला. फुगे सरळ झाले. मग खिडकीतून थोडासा वारा आला आणि ते समईकडे झुकले. खालचा लाल फुगा ज्योतीपाशी येई, परत जाई, परत येई. काका म्हणत होते, "...रॉकेलपेक्षा सुरक्षित!"

मी उठले. तोवर मी सोलापुरातल्या कुठल्याही सभेत शंकाही विचारली नव्हती. पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले आणि समई फुंकली.

दिवा फुंकायचा नसतो, हे मला माहीत होतं. तो फुलाने किंवा हाताच्या वाऱ्याने शांत करायचा असतो, आणि 'विझवला' असं म्हणायचंही नसतं. पण तेवढी सवड नव्हती. पाच वातींना जोरात फुंकर घालावी लागली, आणि ती सगळ्यांना ऐकू गेली.

अंधार झाला. क्षणभर काकाही थांबले.

"कुणी विझवली?"

"फुंकली, फुंकली! मी ऐकलं!"

"अगं बया!" हा काकूंचा आवाज. "सरस्वतीपुढचा दिवा तोंडानं फुंकला! काय अवदसा आठवली गं तुला?"

"फुगे आहेत," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच आला, म्हणजे माझ्या शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढा.

"असू दे, असू दे, वहिनी," अंधारात प्रमुख पाहुण्यांचा प्रेमळ आवाज आला. "मी आहे ना. आमच्या मेव्हण्यांनी दुबईहून लायटर आणलाय, वाऱ्यातसुद्धा विझत नाही."

ते उठल्याची चाहूल लागली. मी हाताला लागला तो काकांचा कोट धरून मागे ओढला. तेवढंच करता आलं.

लायटरचा खट् आवाज झाला, आणि मग एकदम पांढरापिवळा उजेड. तो धडाक्याचा आवाज नव्हता. कुणीतरी मोठी चादर जोरात झटकावी तसा 'भप्प' असा आवाज होता. त्या क्षणी मला अख्खं सभागृह दिसलं. सगळ्यांची तोंडं उघडी, मुख्याध्यापकांचे हात कानांवर, काकूंचा हात कपाळाकडे निघालेला. पुन्हा अंधार. पुठ्ठ्याच्या विमानाचा एक पंख जळत खाली आला, आणि मी तो चपलेने विझवला. जळालेल्या केसांचा आणि रबराचा वास पसरला.

कुणी ओरडलं नाही. कुणी पळालं नाही. मग मागून कुठून तरी एक टाळी आली.

मग दुसरी. मग सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. शिट्ट्या आल्या. "लई भारी!" असं कुणीतरी ओरडलं, आणि नाटकाला जाणाऱ्या आमच्या गावाच्या सवयीप्रमाणे मागच्या रांगांतून मागणी आली, "वन्स मोअर!"

त्यांना ते प्रात्यक्षिक वाटलं होतं. वीज जाणं, दिवा विझणं, अंधार करणं, आणि मग एकदम ज्वाला. अंधाराशिवाय परिणाम साधणार नाही, म्हणून मुलीकडून समई फुंकवली. असा सगळा अर्थ लोकांनी स्वतःच लावून टाकला होता.

काका माझ्या बाजूला उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. टाळ्या आपल्याला आहेत हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी माझ्या हातातून कोट सोडवून घेतला आणि पुढे झाले.

"हीच!" ते गर्जले. "हीच ती हायड्रोजनची शक्ती, मित्रहो!"

दिवे आले तेव्हा ते हात जोडून उभे होते. त्यांची डावी भुवई नव्हती. प्रमुख पाहुण्यांची मिशी एका बाजूने उरली होती, आणि तेही हसत होते. आपण प्रात्यक्षिकात भाग घेतला, असं तेव्हा त्यांनाही वाटायला लागलं होतं. वकिलांनी आभार मानताना सांगितलं, की असं सप्रयोग व्याख्यान मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या बैठकीत माणसं येत राहिली. काकूंनी काजळाने त्यांना भुवई काढून दिली होती. उजवीपेक्षा ती थोडी वर गेली होती, त्यामुळे काका सतत आश्चर्यचकित दिसत. बरणी दाखवली जात होती. मी फुंकलेल्या दिव्याबद्दल काकूंनी चकार शब्द काढला नाही. उलट शेजारणीला म्हणताना मी ऐकलं, "आदल्या दिवशीच ठरलं होतं सगळं. मीच समई जागेवर आणवली, नाहीतर जमलं नसतं." यातला शेवटचा भाग पूर्ण सत्य होता.

संध्याकाळी काका आमच्याकडे आले. ते आमच्याकडे क्वचित येत. बोलावून घेत. बाबा लगबगीने उठून उभे राहिले.

"बस रे," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ते साप्ताहिकवाले मागं लागलेत. प्रात्यक्षिक कसं केलं, त्याची शास्त्रीय माहिती पाहिजे म्हणतायत. तू जरा लिहून दे. फुगे किती अंतरावर ठेवायचे, अंधार का लागतो, असं सगळं."

मी गप्प राहिले.

"आणि हे बघ," त्यांनी आवाज खाली आणला, "तू काल काय म्हणालीस फुग्यांचं, ते कुणापाशी बोलली नाहीस ना?"

मी गप्पच राहिले. माझ्या गप्प बसण्याची त्या घराला सवय होती. पण त्या दिवशी काकांना ते पहिल्यांदा ऐकू आलं असावं. ते खुर्चीत सरकले. काजळाची भुवई घामाने पसरू लागली होती. बाबा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"कॉलेजात वगैरे?" काका म्हणाले. "तुझ्या त्या प्राध्यापकांपाशी?"

"अजून नाही," मी म्हणाले. "काका, व्याख्यान रंगलं ना?"

"रंगलं म्हणजे? गाजलं की!"

"रंगलं तर तुम्ही माझ्या पुण्याचं बघणार होतात. ते झालं की लिहून देते."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. बाबांनी इतका घाबरलेला चेहरा केला, की मला त्यांची दया आली, आणि थोडा रागही. काका एकदम मोठ्याने हसले. आपली अडचण झालेली कुणाला दिसू नये म्हणून ते नेहमी असे हसत.

"ऐकलंस का?" ते बाबांना म्हणाले. "पाठव हिला पुण्याला. घराण्यात एक तरी शास्त्रज्ञ पाहिजेच. माझ्यावर गेलीय पोरगी."

"दादा म्हणतील तसं," बाबा म्हणाले.

मी लिहून दिलं. त्यात फुगे ज्योतीपासून शक्य तितके लांब ठेवावेत, आणि खरं तर ठेवूच नयेत, असं स्पष्ट लिहिलं. छापून आलं तेव्हा ते वाक्य नव्हतं. साप्ताहिकात काकांचा फोटो होता, भुवईसकट. पुढे दोन शाळांनी स्नेहसंमेलनात 'तो प्रयोग' करून दाखवावा म्हणून काकांना बोलावलं. तेव्हा मात्र ते प्रकृतीचं कारण सांगून गेले नाहीत. म्हणजे त्यांना सगळं समजलं होतं. हे कळल्यावर माझ्या मनात त्यांच्याविषयी जी थोडीफार सूट होती, तीही उरली नाही. अडाणी माणसाला एक वेळ सोडून देता येतं.

हायड्रोजनचं विमान कधी उडेल का, असं मला अजून कुणी विचारत असतं. पुण्याच्या ग्रंथालयात मी त्यावर मिळेल ते वाचते. मला वाटतं, उडेलही. पण ज्यांनी ती थंडी, ती फट आणि ती वीज कागदावरून खोडली नाही, अशाच माणसांकडून उडेल. बाकीच्यांच्या हातात फुगे आहेत.

जूनमध्ये मी निघाले त्या दिवशी नाला हिरवा होता. स्टेशनवर सगळे आले होते. गाडी सुटायच्या आधी काका खिडकीपाशी आले आणि खिशातून काढून माझ्या हातात काहीतरी ठेवलं. बरणीतली गोळी होती. आजवर ती कुणालाच मिळाली नव्हती. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"विमानातली आहे," काका म्हणाले. "जपून ठेव."

त्यांची भुवई आता परत आली होती, जरा विरळ.

गाडी सुटली. कारखान्याचं धुराडं बराच वेळ दिसत राहिलं. मग तेही गेलं. मोहोळ मागे पडल्यावर मी गोळीचा कागद सोडायला गेले. तो निघेना. इतक्या वर्षांत वितळून, चिकटून गोळी आणि कागद एकच झाले होते. नखाने थोडा खरवडून पाहिला. मग खिडकीतून हात बाहेर काढला आणि सोडून दिली. ती सरळ खाली गेली.